ताट भरलेलं ठेवायचं तर…

सोलापुरात आमचं पाच माणसांचं घर. सासूबाई, आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी दोन मुलं. मिळवता हात एकच, तोही टॉवेलच्या कारखान्यातला. काम जोरात असलं की पगार पुरता येतो, मंदी आली की त्याला कात्री लागते. घरभाडं, वीजबिल, वह्या-पुस्तकं आणि सासूबाईंची औषधं यांचे आकडे ठरलेले असतात. ओढाताण व्हायची ती किराण्यातच होते, आणि किराणा माझ्याकडे असतो.

या संसारानं मला एक क्रम शिकवला. ताटात काय यायलाच हवं ते आधी ठरवायचं, मग पैसे कुठे वाचवायचे ते पाहायचं. हा क्रम उलटा झाला की घरातलं कुणीतरी अर्धपोटी उठतं. ते कोण असतं, हे बायकांना वेगळं सांगायला नको. पुढे लिहिलं आहे ते सगळं आमच्या रोजच्या वापरातलं आहे.

१. आधी धान्य भरा

पगार हातात आला की पहिली खरेदी धान्य, डाळी, शेंगदाणे, तेल, गूळ, मीठ आणि मिरचीची. एवढं घरात असलं की महिना उपाशी जात नाही. चहा-साखर, साबण त्यानंतर. होईल तेवढं रोखीनं घ्यावं. वहीवर लिहून घेताना आपण भाव विचारत नाही आणि पुड्यांची संख्या वाढत जाते.

ज्वारी आम्ही वर्षाची भरतो. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, नवा माल बाजारात येतो आणि भाव उतरलेला असतो. तोच दाणा पावसाळ्यात किलो-दोन किलोनं घेतला तर जास्त पैसे जातात. आमच्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिची भाकरी मऊ आणि गोडसर होते. पण भाव परवडला नाही तर साधी, कीड नसलेली, स्वच्छ ज्वारीही तितकंच पोट भरते. पाच माणसांना रोज दहा-बारा भाकरी लागतात, म्हणजे किलोभर पीठ. रेशनचा गहू-तांदूळ जोडीला असल्यानं वर्षाला दोन-अडीच क्विंटलांत आमचं भागतं.

एवढे पैसे एकदम आणायचे कुठून? आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी आहे. मार्चची उचल मी आधीच बोलून ठेवते आणि ती रक्कम थेट ज्वारीत घालते. ज्यांना पूर्ण पोतं झेपत नाही त्या दोघी-तिघी मिळून घेतात आणि वाटून घेतात. धान्याला दोन दिवस कडक ऊन द्यावं, गार झाल्यावर कोठीत भरावं आणि थराथरात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा.

२. डाळीत पाणी वाढवू नका, डाळ बदला

तूरडाळीचा भाव चढला की पहिला मोह होतो तो आमटी पातळ करण्याचा. तो टाळा. गरिबाघरच्या ताटात अंगाला लागणारं जे काही असतं, त्यात डाळीचा वाटा मोलाचा असतो. शंभर ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. मसूर, मटकी, हुलगे, मूग, हरभराडाळ यांतही २० ते २४ ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे तूर सोडून दुसरं कडधान्य घेतलं तर ताटाचं काहीच कमी होत नाही. दुकानात गेल्यावर त्या आठवड्यात कोणतं कडधान्य स्वस्त आहे ते विचारायचं आणि तेच घ्यायचं. ज्वारी-गव्हात प्रथिनाचा जो घटक कमी पडतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीत जो कमी तो धान्यात असतो. म्हणून भाकरी-आमटी, खिचडी, वरणभात या जोड्या एवढी वर्षं टिकून आहेत.

आमच्या भागातली बाजार आमटी यासाठी फार उपयोगी. तूर, हरभरा, मूग, मसूर आणि उडीद या डाळी मूठ-मूठ घ्यायच्या, सगळ्या मिळून २०० ग्रॅम. तासभर भिजवून शिजवून घोटायच्या. कढईत दोन पळ्या तेल, मोहरी, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, एक कांदा, काळा मसाला आणि लाल तिखट. त्यावर घोटलेली डाळ आणि गरम पाणी घालून मंद आचेवर चांगली उकळू द्यायची. ताटात भाकरी कुस्करायची, वर ही आमटी ओतायची, बाजूला कांदा. या डाळींत चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम प्रथिनं असतात. पाच जणांत माणशी आठ-नऊ ग्रॅम येतात. एका अंड्यात सहाच्या आसपास असतात, यावरून हिशेब लक्षात येईल.

मोड आणलेलं कडधान्य आठवड्यातून दोनदा असतंच. वाटीभर मटकी रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी जवळजवळ तिप्पट होते. मोडामुळे पचायला हलकी होते आणि शिजायला वेळही कमी लागतो. सोयाबीनच्या वड्याही हाताशी ठेवाव्यात. त्यांत निम्मा भाग प्रथिनांचाच असतो. गरम पाण्यात भिजवून, दोन-तीनदा घट्ट पिळून, बारीक करून बटाट्याच्या रश्शात घातल्या की मुलं आवडीनं खातात.

३. पिठलं नीट शिका

ज्या घरात पिठलं चांगलं होतं, त्या घराला भाजी नसल्याची धास्ती वाटत नाही. १९९५ साली राज्य सरकारनं एका रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली, ती याच जोडीच्या भरवशावर.

पाच माणसांना एक मोठी वाटी बेसन पुरतं. जाड बुडाच्या कढईत तीन चमचे तेल तापवायचं. मोहरी तडतडली की जिरं, सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून, तीन हिरव्या मिरच्या आणि बारीक चिरलेला कांदा. कांद्याचा रंग बदलेपर्यंत घाई करू नये, पिठल्याचा वास तिथेच ठरतो. मग हळद, मीठ आणि चार वाट्या पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की आच कमी करायची, डाव्या हातानं पीठ भुरभुर सोडायचं आणि उजव्या हातानं सारखं हाटत राहायचं. गुठळ्या पळीच्या पाठीनं कढईच्या कडेला दाबून मोडायच्या. झाकण ठेवून पाच-सात मिनिटं मंद वाफ द्यायची. पीठ कच्चं राहिलं की पोटाला जड होतं, म्हणून ही शेवटची वाफ चुकवू नये. झाकण काढल्यावर कडा सुटलेल्या दिसल्या आणि बेसनाचा उग्र वास गेला की झालं. वर कोथिंबीर.

याच पिठल्यात एक दिवस मूठभर मेथी पडते, एक दिवस शेवग्याचा पाला, एक दिवस पाण्याऐवजी आंबट ताक. हिवाळ्यात बेसनाऐवजी हुलग्याचं पीठ घेतलं की चवच वेगळी. एक कृती पक्की आली की तिची चार-पाच जेवणं होतात.

४. मंडईत हंगाम पाहून जा, घरी आल्यावर देठ टाकू नका

भाजीची यादी घरी करून मंडईत जाऊ नये. आधी सगळी मंडई फिरावी, कशाचे ढीग लागलेत ते पाहावं आणि मग ठरवावं. ज्या भाजीचे ढीग, तिचा हंगाम आणि तिचाच भाव खाली. थंडीत मेथी, चाकवत, करडई, हरभऱ्याचा कोवळा पाला. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, अंबाडी. लाल भोपळा अख्खा घेतला तर बरेच दिवस राहतो आणि पोटभरीचा असतो. संध्याकाळी उशिरा गेलं तर पालेभाजीच्या जुड्या स्वस्त मिळतात. पण त्या त्याच रात्री निवडून ठेवाव्या लागतात. ती तयारी असेल तरच घ्याव्यात.

टोमॅटो महागला की मी चिंचेकडे वळते. चिंच मार्चच्या सुमारास निघते. तेव्हा वर्षाची घेऊन, चिंचोके काढून, मीठ लावून बरणीत भरते.

निवडताना जे फेकलं जातं त्यात पुष्कळ खाण्यासारखं असतं. मुळ्याचा पाला मूगडाळ घालून परतायचा. दोडक्याच्या शिरा तव्यावर कोरड्या भाजून तीळ, लसूण, मिरचीबरोबर वाटायच्या. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या आमटीच्या वाटणात घालायच्या, त्यांना पानांपेक्षा जास्त वास असतो. फ्लॉवरचा कोवळा दांडा सोलून बटाट्यात चिरायचा.

एक जुडी पालेभाजी पाच जणांना पुरत नाही. तिच्यात भिजवलेली डाळ, दाण्याचं कूट किंवा थोडं बेसन पेरलं की पुरते, आणि तिचा कसही वाढतो. ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी तर जेवणच असतं.

५. तेल आणि गॅस मोजून वापरा

महिन्याच्या किराण्यातला मोठा खर्च तेलाचा. माणशी दिवसाला चार छोटे चमचे म्हणजे साधारण वीस ग्रॅम. पाच जणांना महिन्याला तीन किलो. मी एवढंच घेते आणि दर सोमवारी पाऊण किलोची एक बाटली भरते. ती पुढच्या सोमवारपर्यंत पुरवायची. एखाद्या दिवशी भजी झाली तर पुढचे दोन दिवस उसळीऐवजी वरण, तव्यावरच्या भाजीऐवजी पातळ भाजी. बाटली ओट्यावर समोर असली की हात आपोआप आवरतो.

गॅसचंही तसंच. कडधान्य भिजवल्याशिवाय कुकरला लावायचं नाही. कुकरमध्ये डाळ, तांदूळ आणि बटाटे यांची तीन भांडी एकदम चढवायची. पहिली शिट्टी झाली की आच बारीक. वेळेआधी थोडा बंद केला तरी आतल्या वाफेवर अन्न शिजत राहतं, म्हणून झाकण घाईनं उघडायचं नाही. भाकरीचा तवा तापलेलाच असतो, तेव्हा सगळ्या भाकरी झाल्यावर त्याच तव्यावर शेंगदाणे किंवा चटणीचे तीळ भाजून घ्यावेत.

६. चव घरात बनवा

कमी पैशांतलं जेवण बेचव असलं तर मुलं ताटावरून उठतात आणि बाहेरचं मागतात. तेव्हा चवीवर मेहनत घेतलीच पाहिजे. काळा मसाला उन्हाळ्यात घरी करते. त्याच वेळी येसरही करून ठेवते. गहू, हरभराडाळ आणि धणे-मिरचीसारखे मसाले खमंग भाजून दळले की येसर होतो. चमचाभर घातला की आमटी दाट होते, सुवास येतो आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण लागत नाही. कांदा महागतो तेव्हा याचा फार आधार वाटतो.

शेंगाचटणीशिवाय सोलापूरकराचं ताट पुरं होत नाही. शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालं पाखडून, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचे. मिक्सरवर केली तर थांबून थांबून फिरवावी, नाहीतर तिचा लगदा होतो. शेंगदाण्यात पंचवीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, तेव्हा ही चटणी नुसतं तोंडीलावणं नाही. कारळ आणि जवस यांच्या चटण्याही आलटून पालटून कराव्यात.

७. उरलेल्या अन्नाचं आधीच ठरवा

उरलं म्हणून काहीतरी केलं, असं आमच्याकडे होत नाही. रात्री दोन भाकऱ्या जास्त करायच्या त्या सकाळच्या न्याहारीसाठी. त्या कुस्करून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतून, दाण्याचं कूट घालून पाण्याचा हबका मारला की पाच जणांची न्याहारी होते. उन्हाळ्यात त्याच भाकऱ्या ताकात कालवून, वर लसणाची फोडणी. वरण उरवायचं ते चकोल्यांसाठी. दुसऱ्या दिवशी त्यात चिंच-गूळ, मसाला, पाणी घालून उकळायचं आणि कणकेच्या पोळीचे तुकडे कापून सोडायचे. सुक्या भाजीचे धपाटे होतात. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन आणि कणीक घालून, हातानं ओल्या फडक्यावर थापायचे.

भाताची मात्र काळजी घ्या. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. शिजलेला भात बाहेर राहिला की तो बिघडतो, आणि नंतर कितीही परतला तरी त्यातला दोष जात नाही. तासा-दोन तासांत गार करून फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर भात मोजूनच करावा आणि उरलेला त्याच जेवणात संपवावा. आंबूस वास आलेलं किंवा तार सुटलेलं अन्न कुणाच्याही पोटात घालू नये. औषधपाण्यात जाणारा पैसा वाचलेल्या अन्नाच्या कितीतरी पट असतो.

८. चार-पाच वाजताची भूक ओळखा

घरखर्चात सगळ्यात जास्त गळती इथे होते. मुलं शाळेतून भुकेली येतात आणि दहा रुपयांचा पुडा हातात पडतो. त्यातले मूठभर वेफर्स संपतात, भूक तशीच राहते आणि रात्रीचं जेवण बिघडतं. आमच्याकडे चार डबे कायम भरलेले असतात : फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ आणि चुरमुरे. चुरमुऱ्यांना कच्चं तेल, तिखट, मीठ, कांदा लावला की भडंग होतो. शेंगदाणे-गूळ कुटून लाडू वळले तर आठवडाभर पुरतात.

सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारचा पोषण आहार मिळतो. तो मुलांनी तिथे बसून पोटभर खावा असं मी दोघांनाही बजावून सांगते. त्यात कमीपणा नाही, तो त्यांचा हक्क आहे.

९. रेशनचं धान्य विकू नका

अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आम्हा पाच जणांचं पंचवीस किलो म्हणजे महिन्याच्या धान्याचा मोठा भाग. तांदूळ जाड म्हणून काही जणी तो विकून टाकतात आणि त्या पैशांत थोडा बारीक तांदूळ आणतात. यात घराचं नुकसान आहे. जाड तांदूळ खिचडीला आणि फोडणीच्या भाताला उत्तम. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीदडाळ आणि चमचाभर मेथ्या भिजवून वाटल्या की दोन सकाळचे डोसे होतात. तांदूळ आणि हरभराडाळ भिजवून वाटली की धिरडी.

रेशनच्या तांदळात थोडे वेगळे दिसणारे दाणे असू शकतात. कधी ते पाण्यावर तरंगतात. त्यांना प्लास्टिकचा तांदूळ समजून बायका निवडून फेकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून केलेले ते दाणे आहेत, शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मुद्दाम घातलेले. ते फेकू नका. हे मी गल्लीत प्रत्येकीला सांगत असते, कारण ज्यांना त्यांची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्याच घरात ते केरात जातात.

१०. महिन्याच्या शेवटच्या आठवड्याची शिदोरी वेगळी ठेवा

सासूबाई माढा तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या लहान होत्या. त्यांची आई सरकारी कामावर खडी फोडायला जायची. रेशनला अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी धड थापली जायची नाही. कामावर खायला सुकडी वाटत, ती त्यांची आई स्वतः न खाता पदरात बांधून पोरांसाठी आणायची. हे ऐकल्यापासून घरात आठवड्याचं तरी अन्न राखीव असावं, असा माझा आग्रह असतो.

आमच्या फळीवर तीन डबे महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत कुणी उघडत नाही. एकात उन्हाळ्यात घातलेले मटकीच्या डाळीचे सांडगे, दुसऱ्यात हुलग्याचं पीठ, तिसऱ्यात हरभऱ्याचा वाळवलेला पाला. सांडगे थोड्या तेलात परतून रश्शात सोडले की भाजी झाली. हुलग्याच्या पिठात थोडी कणीक, लसूण, जिरं, तिखट घालून घट्ट मळायचं, हातावर लांबट वळून उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायचं. हे शेंगोळे एका भांड्यात होतात, रस्सा त्यांच्याच पिठानं दाट होतो आणि जोडीला काही लागत नाही. वाळलेला पाला चुरडून डाळीत शिजवला की हिवाळ्यातली भाजी जूनमध्ये खायला मिळते. पगार चार दिवस लांबला तरी या डब्यांवर निभावतं, आणि तेही चवीढवीनं.

११. स्वयंपाक करणाऱ्या बाईचं ताट आधी मोजा

हे शेवटी लिहिते आहे, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. काटकसरीच्या घरात कमी पडलं की ते बाईच्या ताटात कमी पडतं. सगळ्यांना वाढून झालं की उरलेली अर्धी भाकरी आणि पातेल्याला लागलेली आमटी, असं बायका वर्षानुवर्षं जेवतात आणि त्याला संसार म्हणतात. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळलं. दमणं, चक्कर, कामात लक्ष न लागणं, हे सगळं आपण अंगावर काढतो. मग दवाखाना होतो आणि वाचवलेले पैसे तिथे जातात. पैशांच्या बाजूनं पाहिलं तरी हा हिशेब चुकीचाच आहे. माणुसकीच्या बाजूनं तो अन्यायाचा आहे.

म्हणून माझ्या घरात काही गोष्टी ठरलेल्या आहेत. पीठ मळते ते पाच माणसांचं. रात्री आम्ही सगळे एकत्र बसतो आणि पातेलं मध्ये ठेवतो. कुणी आधी जेवणार असेल तर माझा वाटा आधी काढून झाकून ठेवते. डाळ घोटलेली असो की मोडाची, पाचही वाट्यांत सारखी पडते. मुलाला जास्त आणि मुलीला कमी, असं होत नाही. रक्त वाढावं म्हणून हुलगे, मटकी, पालेभाजी यांच्यावर लिंबू पिळतो किंवा जोडीला आवळा असतो. आंबटामुळे त्यांतलं लोह अंगाला लागतं. जेवणानंतर लगेच चहा घेत नाही, कारण चहा ते लागू देत नाही. यातल्या कशालाही जादा पैसे पडत नाहीत.

मुलगी हे बघते आहे. बाईनं शेवटी आणि कमी जेवायचं असतं, हे तिनं माझ्याकडून शिकू नये. सासूबाईंनाही आता आमच्याबरोबर बसायची सवय झाली आहे. पहिल्यांदा त्यांना ते अवघड गेलं, कारण त्यांच्या आईनं सुकडी कधी चाखलीच नव्हती.

पुढच्या महिन्याची यादी करायला बसाल तेव्हा कागदावर वर घरातली माणसं लिहा. त्यांत स्वतःचं नाव लिहा, त्याच्यासमोर भाकरी आणि वाटीभर डाळ मांडा. रुपये त्याच्या खाली येऊ देत.